उंटाच्या डोक्यावरचा मणी

आपल्या बुद्धिबळातल्या उंटाच्या डोक्याला चीर का असते? कारण तो मुळात उंट नाहीच, ती बिशपची टोपी आहे! लंडनच्या जॅक्स कंपनीने १८४९ मध्ये बाजारात आणलेला हा स्टाँटन घाट स्पर्धांमध्ये आजही चालतो.

युगोस्लाव्हियात १९५० च्या दुब्रोव्निक ऑलिंपियाडसाठी मात्र वेगळा संच घडवला गेला. राजाच्या डोक्यावरचा क्रूस गेला, उंटाची चीरही गेली. तिच्या जागी आला उलट रंगाचा मणी, म्हणजे पांढऱ्या उंटाला काळा आणि काळ्याला पांढरा. घड्याळात अर्धं मिनिट उरलेलं असताना उंटाला प्यादं समजणं कुणाला परवडेल? इथे मणी दिसला की उंट ओळखला. बॉबी फिशरचा हा लाडका संच. घोडा मात्र मला स्टाँटनचाच आवडतो.