कानबाईच्या आधीची आणि नंतरची झाडलोट

आषाढ सरत आला की खानदेशात घराघरांतून चुन्याचा वास येऊ लागतो. भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. फडताळातली पितळी भांडी अंगणात येतात. गोधड्या नदीवर जातात. मग कोणी कोणाला विचारत नाही. कानबाई येणार, हे सगळ्यांना ठाऊक असते.

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेला, मुंबईला, पुण्याला पोटासाठी गेलेली माणसे या दोन दिवसांसाठी गावी येतात. वेगळ्या झालेल्या भावांच्या चुली तेवढ्यापुरत्या एक होतात. घरात पुरुषमाणसे किती, ते मोजून सव्वा मुठीच्या मापाने रोटाचे धान्य काढतात. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी असा स्वयंपाक होतो. घर माणसांनी भरून जाते.

या सणासाठी घर कसे सारवावे, हे आम्ही खानदेशच्या बाईला सांगायला नको. तीच आम्हांला शिकवील. आम्हांला बोलायचे आहे ते वेगळ्या गोष्टीविषयी. घर आवरताना जी वस्तू आपण बाहेर काढतो, ती पुढे कुठे जाते? आणि पाहुणे गेल्यावर मंगळवारी सकाळी दारात जे उरते, त्याचे काय होते?

पहिली गोष्ट म्हणजे, आवराआवर शनिवारवर टाकू नका. श्रावणात उन्हाचा भरवसा नसतो. गोधड्या एकदम भिजवल्या आणि झड लागली, तर त्या चार दिवस ओल्या राहतात. त्यांना कुबट वास येतो. तशाच ओलसर गोधड्या पाहुण्यांना पांघरायला द्याव्या लागतात. त्यापेक्षा आषाढातच, ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी एक गोधडी धुवावी. काम हलके होते आणि कंबरही वाचते.

घर झाडताना वरून खाली यावे. आधी आढे आणि कोनाडे, मग भिंती, शेवटी जमीन. त्याआधी पाण्याची भांडी आणि पिठाचे डबे झाका. नाकातोंडाला फडके बांधा. सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची उतरंड, जुन्या पोत्यांची थप्पी यांत एकदम हात घालू नये. आधी काठीने हलवून घ्यावे. पावसाळ्यात विंचू आणि साप कोरडी जागा शोधत घरात येतात. पंचमीला आपण नागाची पूजा करतो आणि दोन दिवसांनी त्याच्याच बिळात हात घालतो, असे नको.

विंचू चावला आणि नुसती आग होत असली, तरी माणसावर लक्ष ठेवावे. पण घाम सुटला, हातपाय गार पडले, ओकाऱ्या झाल्या, तर क्षणभरही थांबू नये. लहान मुलाला तर लगेच दवाखान्यात न्यावे. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचवाच्या विषावर प्राझोसिन नावाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यामुळे कितीतरी जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे. साप चावला तर आवळून बांधू नये, चिरू नये, मंत्राची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. सरकारी रुग्णवाहिका येते आणि तिचे पैसे पडत नाहीत.

आता चुन्याचे. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, हे आपण पाहतोच. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी लागते. पाणी आधी घ्यावे आणि चुना त्यात थोडाथोडा सोडावा. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नये, तो अंगावर उडतो. लोखंडी पिंप घ्यावे, प्लॅस्टिकची बादली वितळू शकते. पोरांना दूर ठेवावे. रात्रभर भिजू द्यावा. दुसऱ्या दिवशी गाळून घ्यावा. त्यात थोडा डिंक किंवा भाताची पेज घातली, तर भिंतीला टेकल्यावर लुगड्याला पांढरे लागत नाही. चिमूटभर नीळ घातली तर भिंत उजळ दिसते. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात बरे.

चुना डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा. पंधरा-वीस मिनिटे धार चालू ठेवा आणि मग डॉक्टरकडे जा. तूप नको, तेल नको, आईचे दूध नको. फक्त पाणी.

पितळी भांडी चिंचेने लख्ख होतात. बाहेरून चमकली म्हणून आतून चांगली आहेत असे समजू नये. आतली कल्हई गेली असेल, तर त्या भांड्यात चिंचेची आमटी करू नका. आंबट पदार्थ पितळेला खातो. मग पोट ढवळते, वांत्या होतात. कल्हईवाला आता पूर्वीसारखा दारावर येत नाही. तो मिळाला नाही तर आमटी स्टीलच्या पातेल्यात करावी. पितळी पातेले पाणी भरायला ठेवावे.

इथवरच्या गोष्टी पुष्कळांना ठाऊक असतील. आता जे सांगायचे ते मात्र जरा सावकाश वाचा. पुन्हा वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

आपला मुलूख कापसाचा आहे. श्रावणात कपाशी गुडघ्याएवढी झालेली असते आणि फवारणी चालू असते. म्हणजे कानबाई येते तेव्हा घरात विषाच्या बाटल्या असतातच. कोणी त्या माळ्यावर ठेवतो, कोणी खुंटीला पिशवीत टांगतो, कोणी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवतो. आपण तिला ‘औषध’ म्हणतो. हा शब्दच फसवा आहे. कपाशीचे ते औषध असेल, माणसाचे ते विष आहे.

आवराआवरीत या बाटल्या हाती लागतात. अर्धी भरलेली बाटली जागा अडवते, म्हणून बाई ती लहान शिशीत ओतून ठेवते. रिकामा डबा चांगला, झाकणाचा, दणकट असतो. टाकवत नाही. राख लावून घासला, उन्हात वाळवला, की त्यात तेल मावते, डाळ मावते. काटकसरी बाईलाच हे सुचते. तिचा हेतू चांगलाच असतो.

२०१३ सालच्या जुलै महिन्यात बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन नावाच्या खेड्यात काय झाले, ते ऐका. शाळेत मुलांना दुपारचे जेवण मिळत असे. त्या दिवशीही मुले जेवली. थोड्याच वेळात पोटात कळा आणि वांत्या सुरू झाल्या. तेवीस मुले गेली. तपासणी झाली तेव्हा स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. तेल कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते, असे तपासात पुढे आले. मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या कापूसवाल्यांना नवे नाही.

तेवीस मुले म्हणजे एका वर्गाचे अर्धे बाक. आपल्या घरी कानबाईला भाऊबंदांची तेवढी मुले सहज एका पंगतीला बसतात.

म्हणून फवारणीचा डबा कितीही घासला तरी तो घरात वापरायचा नाही. त्यात तेल नाही, पाणी नाही, गुरांची पेंडसुद्धा नाही. विष त्याच्या मूळ बाटलीतच ठेवायचे, म्हणजे त्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण दिसत राहतो. दुसऱ्या शिशीत ओतायचे नाही. सरबताच्या बाटलीत तर कधीच नाही. ते स्वयंपाकघराबाहेर, कुलपाच्या पेटीत ठेवायचे. घरात पेटी नसेल, तर या सणाला नव्या लुगड्याच्या आधी एक पेटी आणि एक कुलूप आणा. हे आम्ही घरधन्याला सांगतो आहोत.

बाटली रिकामी झाली की शेतातच तीन वेळा पाण्याने खळबळावी. ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. मग बाटलीला भोक पाडावे, म्हणजे तिचा मोह कोणाला होणार नाही. विहिरीजवळ, नाल्यात, नदीत टाकू नये. चुलीत जाळू नये, तिचा धूरही विषारी असतो. दुकानदार परत घेत असेल तर त्याला द्यावी.

आणि एवढे करूनही कोणाच्या पोटात किंवा अंगावर विष गेले तर? तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास लागतो. अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवा. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा. बाटलीवरचे नाव पाहून डॉक्टरला उतारा चटकन ठरवता येतो.

रविवारचा स्वयंपाक मोठा असतो. कटाची आमटी, खीर, भात सगळे जास्तच होते. पाहुण्याला कमी पडू नये ही आपली रीत आहे. पण श्रावणातल्या दमट हवेत शिजलेले अन्न लवकर नासते. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेली खीर मुलांना देऊ नये. आमटी परत उकळून घेतली की झाले, असे पुष्कळ जण समजतात. जंतू मरतात हे खरे. पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळूनही जात नाही. म्हणून वास आला, फेस दिसला, तर जीव तोडून ते संपवायला बसू नये.

रोटाची गोष्ट निराळी. तो घरच्या माणसांनीच खायचा असतो आणि काही घरांत पौर्णिमेपर्यंत पुरवून खातात. तो कोरडा असला तर टिकतो. गरम असताना डब्यात कोंबू नये, वाफ धरते आणि बुरशी येते. बुरशी आलेला तुकडा खाऊ नये. गायीलाही देऊ नये. काही बुरशीत विष असते आणि ते जनावरालाही बाधते. उरलेले पुरण आणि भात पाटीभर बैलापुढे ठेवणे हेही वाईट. बैलाचे पोट चाऱ्यासाठी आहे. एकदम इतके धान्य पोटात गेले की ते आंबते, पोट फुगते आणि रात्रीत जनावर जाते. पोळ्यालाही हे ध्यानात ठेवावे. एखादी पोळी प्रेमाने द्यावी, टोपली देऊ नये.

सोमवारी कानबाई नदीवर जाते. पांझरा असो, गिरणा असो, बोरी असो, नदीचे पाणी खालच्या गावाला प्यायला लागते. फुले आणि पाने परत आणून उकिरड्यात पुरली, तर चांगले खत होते.

मग मंगळवार उजाडतो. पाहुणे पहिल्या एसटीने जातात. माणसे दोन रात्रींच्या जागरणाने झोपलेली असतात. जागी असते ती घरची सून. एका गावी एका म्हाताऱ्या आजीला आम्ही विचारले, “सणात सर्वांत जड काम कोणते?” ती म्हणाली, “घर मोठं शे, हात दोनच शेतस.” तिला पुढे काही बोलायचे नव्हते. सून तेवढ्यात घागर घेऊन गेली.

त्या सकाळी दारात पत्रावळी, द्रोण, पेले, नारळाच्या करवंट्या पडलेल्या असतात. सणासाठी जास्तीचे पाणी भरलेली पिंपे असतात. वरून पाऊस येतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. एका करवंटीतले पाणी त्याला पुरते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. हा डास दिवसा चावतो, म्हणून पाळण्यातले मूल दुपारीही मच्छरदाणीत असावे.

पळसाच्या पत्रावळी शेणाच्या खड्ड्यात जातात आणि कुजतात. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली, पण ती अजून कुठे कुठे दिसतात. ती कुजत नाहीत, पाणी मात्र धरतात. गाय ती खाते आणि पोटात गोळा होतो.

खड्डा आधीच, शनिवारी खणून ठेवावा. हे पुरुषांचे काम. सोमवारी रात्री झोपण्याआधी दोन भावांनी टोपली घेऊन दार झाडावे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन मागाहून होई. तेव्हा खराटा धरायला कोणी लाजू नये.

पिंपे आणि रांजण मंगळवारी रिकामे करावे. नुसते पाणी ओतून भागत नाही. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असूनही महिनोन्महिने जगतात. काथ्याने कड घासावी, पालथे घालून वाळवावे, मग पाणी भरून कापडाने तोंड बांधावे. त्यानंतर आठवड्यातून एक वार ठरवून घ्यावा. आठवड्याच्या बाजाराचा वार बरा, तो विसरत नाही. बाजाराची पिशवी उचलण्याआधी रांजण पालथा करायचा.