सरहद्द जेव्हा भाषेतून जाते...

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील युद्ध १८४८ साली ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने संपले. टेक्सास धरून मेक्सिकोने आपला निम्म्याहून अधिक प्रदेश गमावला आणि रिओ ग्रांदे ही नदी सरहद्द ठरली. नदीच्या उत्तरेकडचे स्पॅनिशभाषक रहिवासी कोठेही गेले नव्हते. सरहद्दच त्यांच्या घरांवरून पुढे सरकली होती. या प्रदेशाविषयीच्या आजच्या साहित्याचे मूळ या घटनेत आहे.

या साहित्याला वैचारिक अधिष्ठान दिले ते दक्षिण टेक्सासमध्ये वाढलेल्या ग्लोरिया आन्झाल्दुआ (१९४२-२००४) यांनी. त्यांचे 'बॉर्डरलँड्स / ला फ्रोन्तेरा' हे पुस्तक १९८७ साली आले. आत्मकथन, इतिहास आणि कविता यांची त्यात सांगड आहे. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा झाली, आणि स्पॅनिशभाषकांनी मात्र त्यांची स्पॅनिश भ्रष्ट ठरवली. हा दुहेरी परकेपणा पुसून टाकण्याऐवजी त्यांनी इंग्रजी व स्पॅनिश यांच्या मिश्रणातच लेखन केले. सरमिसळ ही उणीव नसून ती स्वतंत्र ओळख आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

मेक्सिकन लेखक युरी एरेरा यांच्या २००९ सालच्या, इंग्रजीत 'साइन्स प्रिसीडिंग द एंड ऑफ द वर्ल्ड' या नावाने आलेल्या कादंबरीत हा मुद्दा कथेचे रूप घेतो. गावातील टेलिफोन सांभाळणारी माकिना तीन भाषांत निरोप पोहोचवते. भावाच्या शोधात ती सरहद्द ओलांडते. तो भेटतो, तेव्हा दुसऱ्याच्या नावाने सैन्यात दाखल झालेला असतो. दोन्ही देशांची नावे कादंबरीत कोठेही येत नाहीत. 'निघणे' या अर्थी एरेरा 'हार्चार' हे क्रियापद घडवतात. मध्ययुगीन स्पेनमधील अरबी कवितांच्या शेवटी बोलभाषेतल्या ओळी येत. त्या ओळींच्या 'खर्जा' या नावावरून ते बेतले आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'बाहेर पडणे'. मराठीत रुळलेले 'खारीज' आणि 'खर्च' हे शब्दही याच धातूचे. सरहद्दीची कथा सांगण्यासाठी लेखकाने दोन संस्कृतींच्या सीमेवरचाच शब्द निवडला, हे लक्षणीय आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू २०२० साली 'अमेरिकन डर्ट' या कादंबरीच्या निमित्ताने पुढे आली. मेक्सिकोतून पळणाऱ्या मायलेकांची ही कथा जीनीन कमिन्स यांनी लिहिली. तिला मोठा खप लाभला; पण मेक्सिकन वंशाच्या अनेक लेखकांनी तिच्यातील साचेबद्ध चित्रणावर कठोर टीका केली. प्रकाशकांना लेखिकेचा प्रचारदौरा रद्द करावा लागला. आपल्याबाहेरच्या माणसांविषयी लिहूच नये, असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. मात्र, कुंपण आणि वाळवंट यांचे वर्णन केल्याने सरहद्दीचे साहित्य सिद्ध होत नाही. तेथील माणसे एकाच वाक्यात दोन भाषा का बोलतात, हे ज्याला उमगले, त्याच्या लेखनात ती जिवंत होतात.