व्यवहारातील शब्द (लेखांक सातवा) : सबब, निमित्त आणि कुरापत

गेल्या लेखांकात थाप, बतावणी आणि लोणकढी या उघड असत्याच्या प्रकारांचा परामर्श घेतल्यानंतर ओघानेच असा प्रश्न उपस्थित होतो की, ज्या बोलण्यातला प्रत्येक तपशील खरा असूनही ते बोलणे एकंदरीत खोटे ठरते, त्याची वासलात आपली भाषा कशी लावते. एखाद्याला ताप आलेला असतो हे खरे, तो सभेला गेला नाही हेही खरे. परंतु तो तापामुळे गेला नाही, हे मात्र खरे नसते. येथील लबाडी आहे ती ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात, आणि दोन सत्यांमधल्या या सांध्यावर मराठीने किती बारीक नजर ठेवली आहे हे पाहिले म्हणजे तिच्याविषयीचा आदर दुणावतो.

‘तापाचे निमित्त झाले आणि आजोबा गेले’ या वाक्यात कपटाचा लवलेश नाही; देह वार्धक्याने थकलेलाच होता, ताप नसता तर दुसरे काही झाले असते, एवढाच त्याचा आशय. पण ‘झाले’च्या जागी ‘केले’ आले, ‘तापाचे निमित्त केले’ असे कोणी म्हणाले, की तोच ताप संशयास्पद होतो. ‘कारण’ या शब्दाची गतही अशीच आहे. ‘कारण सांग’ या आज्ञेत सत्याची अपेक्षा असते. ‘कारणे सांगू नकोस’ या दटावणीत सत्यावरचा विश्वास उडालेला असतो. नुसत्या अनेकवचनाने एवढा फरक पडतो, कारण खरे कारण बहुधा एकच असते आणि खोट्याला सोबत लागते.

‘सबब’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत आला, तो ‘हेतू’ या निष्कलंक अर्थाने. जुन्या पत्रव्यवहारात आणि आजच्या निकालपत्रांतही ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ अशा वाक्यांत त्याची ती प्रतिष्ठा शाबूत आहे; पण घरात, शाळेत आणि बाजारात ‘सबब सांगणे’ म्हणजे अंग काढून घेणे. कचेरीत जो शब्द निर्णयाचा आधार आहे, तोच ओसरीवर पळवाट ठरावा, याचे मला वाटते उत्तर असे की, कामचुकारांनी त्याला इतके राबवले की ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा खरा अर्थ उरलाच नाही.

सबबीने माणूस कर्तव्य टाळतो, तर कुरापतीने भांडण ओढवून आणतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 साली ज्या इसापनीतीचे मराठी भाषांतर केले, त्या इसापाचा लांडगा ओढ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून खालच्या कोकराला म्हणतो की, तू माझे पाणी गढूळ करतोस. पाणी उलटे वाहत नाही हे दाखवून देताच तो गेल्या वर्षीची शिवी उकरून काढतो, आणि गेल्या वर्षी कोकराचा जन्मच नव्हता असे ठरल्यावर ती बापाच्या माथी मारतो. निर्णय आधी आणि कारण मागाहून, हा या व्यवहाराचा क्रम ‘निमित्ताला टेकणे’ या आपल्या वाक्प्रचारात अचूक उतरला आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे, रांधता येईना ओली लाकडे’ ही म्हणही येथलीच, आणि तीतली लाकडे खरोखर ओली असू शकतात, हे विसरता कामा नये.

तथापि सर्वच खोट्या कारणांना निंद्य मानणे अन्यायाचे होईल. ‘व्याज’ हा शब्द आज आपण सावकाराच्या वहीत पाहतो, पण संस्कृतात त्याचा अर्थ मिष, बहाणा असा आहे, आणि साहित्यशास्त्राने व्याजोक्तीला अलंकाराचा मान दिला आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात दिलेले उदाहरण विलक्षण सुंदर आहे. विवाहप्रसंगी हिमालय पार्वतीचा हात शंकराच्या हाती देत असता त्या स्पर्शाने शंकराच्या अंगावर रोमांच उठतात, विधीत व्यत्यय येतो, आणि ते लपवण्यासाठी तो महायोगी उद्गारतो की, हिमाचलाचे हात किती गार आहेत! अंतःपुरातील स्त्रिया आणि गण त्याच्याकडे पाहून स्मित करतात. हिमालयाचे हात गार असणार, याविषयी कोण वाद घालील? शाकुंतलाच्या पहिल्या अंकातही शकुंतला पायात कुशाचे टोक रुतल्याचे आणि वल्कल कोरांटीच्या फांदीत अडकल्याचे सांगून रेंगाळते, ती दुष्यंताला आणखी क्षणभर पाहण्यासाठी. आणि कालिदासाने नाट्यसूचनेत त्या रेंगाळण्याला ‘सव्याज’ हेच विशेषण योजले आहे. येथे कोणाचे नुकसान होत नाही, कोणाचा हक्क बुडत नाही. जे सांगण्यास लज्जा आडवी येते, त्याला फक्त वाट मिळते. अशा मिषाला आणि कामचुकाराच्या सबबीला एकाच नावाने ओळखणारी भाषा दरिद्री समजावी. मराठी तशी नाही.

पुढील लेखांकात ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ यांचा विचार करावयाचा आहे. तोपर्यंत कोकण, खानदेश, वऱ्हाड आणि गोमंतक येथील वाचकांनी आपापल्या बोलीत खोट्या कारणांसाठी चालणारे शब्द, ते ज्या वाक्यांत ऐकले त्या वाक्यांसह, अवश्य लिहून कळवावेत. कोशांत न चढलेले असे शब्द आजही वृद्धांच्या तोंडी आहेत, आणि त्यांची नोंद करण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.