शेगडी उजळावी, पण ॲसिडने नव्हे

दिवाळीची साफसफाई निघाली की डबे घासले जातात, जळमटे काढली जातात, तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात. राहून जाते ती गॅसची शेगडी. तिच्यावर रोज फडके फिरते खरे, पण बर्नरखाली आणि जाळीच्या बेचक्यात वर्षभराचे तेल, उतू गेलेले दूध आणि वरणाचे ओघळ काळे होऊन चिकटलेले असतात. ते निघता निघत नाहीत. मग शेजारची कोणीतरी सांगते, "संडासात टाकायचे ॲसिड थोडे ओता, मिनिटात निघेल." हा सल्ला ऐकू नये. तो धोक्याचा तर आहेच, शिवाय चुकीचाही आहे.

हा काळा थर म्हणजे नेमके काय? तेल पुन्हा पुन्हा तापले की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि ते घट्ट होत जाते. दाराच्या चौकटीला जवसाचे तेल लावले की काही दिवसांनी ते वाळून कडक होते, तसाच हा प्रकार. ॲसिड तेलकटपणा कापत नाही, ते खालचा धातू खाते. तेलकट थराला लागतो क्षार, आणि तो आपल्या घरात पूर्वापार आहे. चुलीच्या राखेने आजी भांडी घासत असे ती उगीच नव्हे. लाकडाच्या राखेतला क्षार तेलाशी मिळून थोडासा साबणच तयार करतो. चूल गेली, राख गेली, पण सोडा प्रत्येक किराणा दुकानात मिळतो.

आधी रेग्युलेटर बंद करावा आणि शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. लोखंडी किंवा स्टीलच्या जाळ्या एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास बुडवून ठेवाव्यात. हात सोलवटू नयेत म्हणून हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी. ॲल्युमिनियमच्या भागांना मात्र धुण्याचा सोडा लावू नये, ते काळे पडतात. त्यांना आणि शेगडीच्या वरच्या पत्र्याला खाण्याचा सोडा बरा. तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी यांचा लेप पत्र्यावर रात्रभर ठेवावा आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसावा. ॲल्युमिनियमवरचा लेप मात्र दहा मिनिटांतच धुऊन टाकावा.

आपल्या जिल्ह्यात एक गंमत हमखास दिसेल. वसमत काय नि हिंगोली काय, हळदीचाच मुलूख; शेगडीवरही हळदीचे डाग असणारच. सोडा लागताच ते डाग लालभडक होतात. घाबरू नये, हळदीला चुना लागला की होते तेच हे. धुतल्यावर उरलेला पिवळा डाग उन्हात ठेवला तर फिका पडतो.

लिंबू आणि चिंच यांचे काम वेगळे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर आणि पितळी बर्नरची काळपट झाक आंबट पदार्थाने निघते, तेल नाही. सोडा आणि लिंबू एकत्र कालवले की फसफसते आणि फार काम झाल्यासारखे वाटते. खरे तर दोघेही एकमेकांचा जोर मारून टाकतात. आधी सोडा, मग स्वच्छ पाणी, मग हवे तर लिंबू, असा क्रम ठेवावा.

बर्नरची भोके सुईने मोकळी करावीत, पण आतल्या जेटच्या बारीक छिद्राला हात लावू नये. ते रुंदावले तर गॅस जास्त येतो. ते काम मेकॅनिकचे. बर्नर पूर्ण वाळल्यावरच बसवावा. ही खटपट नुसत्या दिसण्यासाठी नाही. भोके तुंबली की ज्योत निळी न राहता पिवळी होते, पातेल्याची बुडे काळी पडतात आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा अडवतो. थंडीत खिडक्या लावून स्वयंपाक करताना डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे सुरू झाले तर ते पित्त समजून सोडून देऊ नये. आधी गॅस बंद करून बाहेर मोकळ्या हवेत यावे.

हल्ली बऱ्याच घरांत केक-नानकटाईसाठी विजेचा छोटा ओव्हन आला आहे. त्यालाही सोड्याचा लेपच लावावा, पण आधी प्लग काढावा, तापणाऱ्या कांड्यांना लेप किंवा पाणी लागू देऊ नये, आणि दोन-तीनदा पुसून पूर्ण वाळवावा.

आता पुन्हा ॲसिडकडे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी संडास-बाथरूमसाठी म्हणून ते अनेक घरांत असते, आणि पुष्कळदा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. लहान मूल ती बाटली पाहून काय समजेल? ॲसिड मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावे. ब्लीचिंग पावडरशी त्याचा संपर्क आला तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो.

डोळ्यात ॲसिड किंवा सोड्याचे पाणी गेले तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावे आणि मग दवाखाना गाठावा. मुलाने ॲसिड गिळले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण वर येताना तेच ॲसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. उतारा म्हणून लिंबू किंवा सोडाही देऊ नये. तोंड पाण्याने पुसून काढावे आणि बाटली बरोबर घेऊन मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.