पडद्यावरचे गाव कोणाचे?
साहित्याधारित चित्रपट, मराठवाड्याची बोली आणि आष्टीसारख्या गावातला महोत्सव

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे अनेक आहेत. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचे ठिकाण म्हणून परिचित आहे. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२च्या लढ्यामुळे इतिहासात गेली. या लेखाला अभिप्रेत असलेली आष्टी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातली. कापूस, ज्वारी आणि तुरीचा हा मुलूख. तालुक्याच्या दक्षिण अंगाला गोदावरी. मराठी साहित्यावर बेतलेल्या चित्रपटांचा महोत्सव अशा गावी भरवायचा ठरवला, तर त्यात काय काय दाखवता येईल? यादी करायला बसले की दहा-पंधरा नावे सहज निघतात. पण त्यांतल्या किती चित्रपटांत आष्टीच्या माणसाला आपली भाषा, आपले पीक, आपला बाजार दिसेल, असे विचारले की यादी एकदम आखडते. ती का आखडते आणि त्यावर अशा महोत्सवाने काय करता येईल, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

परंपरा मोठी, पण एका बाजूला झुकलेली

मराठी चित्रपटाने साहित्याचा हात लवकर धरला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातसाठी ‘कुंकू’ केला. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’चा आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट केला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. पुढे गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा ‘जैत रे जैत’ (१९७७), अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला ‘सिंहासन’, शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरचा ‘उंबरठा’, व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरचा अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ (१९९५) अशी ही साखळी वाढत गेली. गेल्या दोन दशकांत राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या व चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारलेला ‘जोगवा’, आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आणि मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’ यांनी नव्या पिढीला पुन्हा पुस्तकांकडे वळवले.

या नावांशेजारी नकाशा ठेवला की एक गोष्ट लक्षात येते. कोकण आहे, सह्याद्रीतली ठाकरवाडी आहे, माणदेश आहे, कोल्हापूर-गडहिंग्लजचा पट्टा आहे, मुंबई आहे. गोदावरीच्या मधल्या खोऱ्यातले गाव मात्र शोधावे लागते.

‘ग्रामीण’ म्हणजे कोल्हापुरी, हे समीकरण

याचे पहिले कारण कारखान्याच्या जागेत आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात निघाली. प्रभातही १९२९ साली तिथेच स्थापन झाली आणि १९३३मध्ये पुण्याला गेली. स्टुडिओ, नट, तंत्रज्ञ, तमाशाचे फड आणि बाहेरच्या चित्रीकरणाची गावे, सारे पंचगंगेच्या आसपास होते. ग. दि. माडगूळकर, शंकर पाटील यांच्यासारखे पटकथा-संवाद लिहिणारे लेखक त्याच दक्षिण भागातून आले. त्यांच्या कानात जी बोली होती ती पडद्यावर आली, आणि ती अस्सल होती म्हणूनच रुजली. पण पन्नास वर्षे एकच अस्सल बोली ऐकत राहिल्यावर प्रेक्षकाला तीच सगळ्या महाराष्ट्राची गावरान भाषा वाटू लागली. पडद्यावरचे गाव म्हणजे ऊस, गुऱ्हाळ, तालीम आणि फड. त्यात मोंढा नव्हता, पऱ्हाटी नव्हती, आखाड्यावर राहणारा सालगडी नव्हता. आईला ‘माय’ म्हणणारा आणि ‘का’च्या जागी ‘कामून’ विचारणारा नायक नव्हता.

दुसरे कारण राजकीय आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. शिक्षण आणि कारभार उर्दूत; मराठी शाळा, छापखाने, नियतकालिके तुटपुंजी. मुंबई, पुणे आणि कोल्हापूर इथे साहित्य व सिनेमा एकमेकांच्या घरी ये-जा करत होते, तेव्हा इथला लेखक एकांड्याने लिहीत होता. परतूर तालुक्यातलेच सातोना हे बी. रघुनाथ यांचे जन्मगाव. परभणीत निजामी राजवटीच्या बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९५३मध्ये अवघ्या चाळिशीत ते गेले. त्यांच्या ‘आडगावचे चौधरी’मध्ये त्या काळच्या इथल्या गावजीवनाचे चित्र आहे. परतूर तालुका १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणीतच होता, त्यामुळे परभणीचे लेखक हे आष्टीचे परके लेखक नव्हेत. लेखक होते, पण लेखकापासून स्टुडिओपर्यंत जाणारा रस्ता नव्हता.

मराठवाड्याने पडद्याला काहीच दिले नाही, असे मात्र नाही. ‘जैत रे जैत’ची गाणी अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांची. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी लहेजा थिएटरात लोकप्रिय केला. पण पहिल्या उदाहरणात मराठवाड्याचा कवी सह्याद्रीतल्या ठाकरांना शब्द देत होता. दुसऱ्यात बोली बहुधा हशा मिळवण्यासाठी आली. हसवणारी बोली लोकप्रिय होते खरी, परंतु दुःख, राग किंवा विचार सांगण्यासाठी ती वापरण्याचा धीर निर्मात्यांना क्वचितच होतो.

शेजारची तीन उदाहरणे

आष्टीच्या अवतीभवतीच्या मुलुखातल्या तीन कादंबऱ्यांचे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

पहिली सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. जालन्याला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली ही कहाणी. शिकून बेकार राहिलेली मुले, कर्ज आणि विस्कटत जाणारे कुटुंब. तिला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धीरज मेश्राम यांनी तिच्यावर चित्रपट केला, तो हिंदीत. कादंबरीचा आशय त्यामुळे दूरवर गेला, हे मान्यच करायला हवे. पण ज्या बोलीत ती माणसे भांडतात आणि कण्हतात, ती बोली वाटेत गळाली. शेजारच्या जिल्ह्यातल्या घराची गोष्ट आष्टीच्या प्रेक्षकाला दुसऱ्या भाषेत ऐकावी लागते.

दुसरी रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’. सरकारी साक्षरता मोहीम कागदावर कशी यशस्वी होते, याचे हे उपहासचित्र. २००९ साली पुरुषोत्तम बेर्डे यांनी तिचा चित्रपट केला. शाळामास्तर, केंद्रप्रमुख, अहवाल आणि खोटे आकडे यांचे हे जग इथल्या प्रत्येक गावाच्या परिचयाचे आहे.

तिसरी बाबा भांड यांची ‘दशक्रिया’, आणि ही तर गोदाकाठचीच. पैठणच्या घाटावर दशक्रियेचे विधी चालतात. तिथे चितेची राख चाळून नाणी वेचणारा एक पोरगा भोवतालच्या मोठ्यांचा धर्म, जात आणि पोट यांचा हिशेब उघड्या डोळ्यांनी बघतो. संदीप पाटील यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. रूपांतरित पटकथेसाठी संजय कृष्णाजी पाटील आणि सहायक भूमिकेसाठी मनोज जोशी यांचाही गौरव झाला. २०१७मध्ये प्रदर्शनाच्या वेळी वाद उठला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या घाटावर आपल्या घरातल्यांचे विधी झाले, त्याच घाटाची गोष्ट पडद्यावर बघताना या भागातला प्रेक्षक जे बोलेल, ते पुण्या-मुंबईच्या परीक्षणात येणार नाही. महोत्सव गावात भरवण्याचे खरे कारण हे आहे.

रूपांतरात काय हरवते, काय मिळते

पुस्तक वाचलेला माणूस चित्रपट पाहून बहुधा एकच तक्रार करतो: ‘पुस्तकातले सगळे आले नाही.’ ते येणार नसतेच. तीनशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची तर पात्रे गाळावी लागतात, काळ आवळावा लागतो. खरा प्रश्न गाळण्याचा नाही. काय ठेवले आणि कशाच्या बदल्यात, हा आहे.

रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ घ्या. १९७१ साली आलेल्या या कादंबरीत मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत सांगितली आहे, आणि ती सांगते त्याची बायको पार्वती, तिच्या बोलीत. इथे निवेदनच कादंबरी आहे. कॅमेरा घर दाखवील, शिलाईयंत्र दाखवील, नवऱ्याचा हट्ट दाखवील. पण पार्वती जे कुणाशीच न बोलता वाचकाशी बोलते, ते कुठे ठेवायचे? पार्श्वनिवेदन वापरावे, की नटीच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवावा? आणि तिचे बोलणे प्रमाण मराठीत आणले तर उरेल ती दुसरीच बाई. बोली ही कथेवर चढवलेला साज नसून पात्राची विचार करण्याची रीत असते, हे ‘पाचोळा’ वाचताना नीट कळते.

उलट बाजूही आहे. ‘बनगरवाडी’त तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा उभी करतो आणि शेवटी दुष्काळ वाडी ओस पाडतो. चित्रपटाची पटकथाही माडगूळकरांचीच. पुस्तकात काही ओळींत येणारे माळरान पडद्यावर सतत समोर असते, आणि ते रिकामे होताना पाहणे हा वेगळा अनुभव ठरतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने मोसंबीच्या वाळलेल्या बागा तोडताना पाहिल्या आहेत. बोली माणदेशी असली तरी ओस पडणारी वाडी इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागणार नाही. म्हणजे दुसऱ्या प्रदेशाचा चित्रपट परका नसतो. फक्त आपल्या प्रदेशाच्या जागी तोच कायमचा बसला की तो अडथळा होतो.

हेग्गोडूचा दाखला

एवढ्याशा गावात हे चालेल का, ही शंका येणारच. तिचे उत्तर कर्नाटकात आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या सुपारीच्या बागा असलेल्या खेड्यात १९४९ साली नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९७०च्या दशकात तिला चित्रपट मंडळाची जोड दिली. शेतकरी, मजूर आणि गृहिणी यांच्यापुढे सत्यजित राय, कुरोसावा यांचे चित्रपट दाखवले गेले, आणि त्यावर चर्चा झाल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथे रसास्वादाचे वर्ग घ्यायला जात. सुब्बण्णांना १९९१मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच काळात अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ आणि ‘घटश्राद्ध’सारख्या कथा-कादंबऱ्यांवर कन्नड चित्रपटही निघत होते. वाचणारे, नाटक करणारे आणि चित्रपट पाहणारे एकाच गावात एकमेकांना भेटत राहिले की काय घडते, याचा तो नमुना आहे.

महाराष्ट्रालाही ही गोष्ट नवी नाही. जत्रेत तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या टूरिंग टॉकीजनी अनेक खेड्यांना सिनेमाची पहिली ओळख करून दिली. गाव चित्रपटासाठी जमते, हे सिद्ध झालेले आहे. जमलेल्या गावाशी चित्रपटानंतर बोलायचे, एवढेच राहिले आहे.

आष्टीचा कार्यक्रम कसा असावा

तीन संध्याकाळी पुरेत. पहिल्या दिवशी ‘श्यामची आई’, कारण ते पुस्तक घरोघर ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी ‘बनगरवाडी’, तिसऱ्या दिवशी ‘दशक्रिया’: दूरच्या माळावरून आपल्या नदीपर्यंत येणारी ही वाट. मूळ पुस्तकांच्या प्रती महिनाभर आधी शाळेत आणि ग्रंथालयात ठेवाव्यात. चित्रपटाआधी त्यातले एक प्रकरण गावातल्याच कुणीतरी मोठ्याने वाचावे, आणि नंतर तोच प्रसंग पडद्यावर कसा आला यावर अर्धा तास बोलणे व्हावे. सभागृहापेक्षा शाळेचे मैदान बरे. बाया तिथे मोकळेपणाने येऊन बसतात.

हक्कांची बाब मात्र हलक्याने घेऊ नये. घरी पाहण्यासाठी घेतलेली चकती किंवा मोबाइलवरची वर्गणी सार्वजनिक प्रदर्शनाला चालत नाही. निर्मात्याची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. मैदानासाठी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यातही अर्ज करावा लागतो. हे काम दोन-तीन महिने आधी हाती घेतले तर अवघड नाही.

आणि दिवसा एक बैठक अशी असावी, जिच्यात कोणताही चित्रपट नसेल. बी. रघुनाथ, रा. रं. बोराडे आणि शेजारच्या सेलू तालुक्यातले, ‘आलोक’साठी साहित्य अकादमी मिळवलेले आसाराम लोमटे यांच्या लेखनातला एकेक प्रसंग घेऊन गावातल्या पोरांनी विचारावे: याचा चित्रपट केला तर पहिले दृश्य कोणते? कोण काय बोलेल, आणि कोणत्या शब्दांत? आज छोटी फिल्म मोबाइलवरही करता येते. स्टुडिओपर्यंतचा जो रस्ता या भागाला कधी मिळाला नाही, त्याची गरजही आता पूर्वीइतकी उरलेली नाही.

साहित्याधारित चित्रपटांचा महोत्सव शहरात भरला तर तो रसिकांचा मेळावा होतो. तो आष्टीत भरला तर पडद्यावर जे गाव दिसते त्याची पारख करणारी माणसे समोर बसलेली असतील. त्यांतल्या एखाद्या मुलीला वाटले की आपल्या मायच्या बोलण्यातही चित्रपट आहे, तर बी. रघुनाथांच्या पिढीपासून तुटलेला एक धागा पुन्हा हाती लागेल.