उजव्या स्टिअरिंगची मस्टँग

नरेंद्र ते गब्बूर हा हुबळी-धारवाडचा बायपास वर्षानुवर्षं दोनपदरीच राहिला. पुढे मालाने लादलेला ट्रक, मागे पुण्याकडून येणारी रहदारी, आणि ओव्हरटेक करायचं तर ट्रकच्या उजव्या अंगाने पलीकडचं दिसायला हवं. स्टिअरिंग डावीकडे असेल, तर समोरून येणाऱ्याच्या वाटेत अर्धी गाडी घातल्याखेरीज काही दिसत नाही. ब्रिटनमध्ये हौसेने अमेरिकन स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांनी हे कित्येक वर्षं सोसलं. टोलच्या खिडकीशी पैसे द्यायलासुद्धा शेजारच्याचा हात लागायचा. काहींनी खर्च करून डॅशबोर्डासकट स्टिअरिंग उजवीकडे बसवून घेतलं.

फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आली. पहिल्याच दिवशी बावीस हजारांहून अधिक गाड्यांची मागणी नोंदली गेली. तरी कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची मस्टँग बाहेर पडायला २०१५ साल उजाडलं. सहावी पिढी आखतानाच फोर्डने ती जगभर विकायचं ठरवलं होतं. ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशांतलं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होतं, म्हणून मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात दोन्ही तऱ्हा बनू लागल्या. २०१६च्या जुलैत ती भारतात विक्रीला आली. आपल्या आयातीच्या नियमांत उजव्या स्टिअरिंगची अट आहे. त्यामुळे हुबळीत आज कुणी मस्टँग चालवत असेल, तर त्यात ब्रिटिश हौशींचा मोठा वाटा आहे, असं मी मानतो.

खरं तर अमेरिकन गाडीचं उजवं स्टिअरिंग आपल्याला नवं नव्हतं. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांसाठी फोर्डच्या गाड्या कॅनडाच्या कंपनीकडून यायच्या. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईला शिवडीत जुळणीचा कारखाना काढला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या. पुढे सरकारने इथेच उत्पादन करण्याचा आग्रह धरला, आणि १९५४पर्यंत फोर्ड व जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला. मस्टँग जन्मली तेव्हा आपल्याकडचं दार बंद झालेलं होतं.

२०१६मध्ये तिची दिल्लीतली शोरूम किंमत होती ६५ लाख रुपये. पूर्ण बांधून येणाऱ्या अशा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर तेव्हा शंभर टक्के मूळ सीमाशुल्क होतं. वर कर्नाटकात वीस लाखांपुढच्या गाडीला आजीवन रस्ता कर १८ टक्के. नुसत्या या करात एक चांगली हॅचबॅक दारात उभी राहते.

एवढं कशासाठी, ते गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होताना जवळ उभं राहिल्यावर कळतं. ओळखीतल्या एकाची मस्टँग धारवाडात मी अशी ऐकली आहे. बटण दाबताच पाच लिटरचं व्ही-एट एकदम मोठ्याने उठतं, मग हळूहळू खाली येऊन जड, अडखळत्या गुरगुरीवर स्थिरावतं. हे अडखळणं तिच्या रचनेतच आहे. क्रँकशाफ्टच्या खिळी एकमेकींशी नव्वद अंशांत असल्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. दोन लागोपाठ, मग थोडी उसंत. एक्झॉस्टमधून तीच विषम लय बाहेर येते. सुमारे चारशे अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा मला ही लय अधिक मोलाची वाटते.

गाडीची खरी परीक्षा रस्ता घेतो. हुबळीखालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं उंचसखल होतं. आधीच्या बहुतेक मस्टँगांना मागे एकसंध ॲक्सल असे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हिसका खाई. सहाव्या पिढीत मागची दोन्ही चाकं स्वतंत्र झाली आणि मणक्याला मोठा आराम मिळाला. पोटाखालची जागा मात्र जेमतेम चौदा सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चढउतार सौम्य. गल्लीतला डांबराचा आखूड उंचवटा हे माप पाळत नाही. लांब बॉनेटमुळे तो ऐनवेळी दिसेनासा होतो. मग वेग पार उतरवून गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, आणि मागच्या दुचाकीस्वाराने हॉर्न वाजवला तरी घाई करायची नाही. तिथून बाहेर पडून बेळगावच्या रस्त्याला लागलं, की सहाव्या गिअरमध्ये तेच इंजिन निवांत चालतं.

२०२०मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले तेव्हा ही गाडी आपल्याकडे विक्रीतून गेली. २०२१च्या सप्टेंबरमध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मस्टँग आयात करून विकू असं कंपनीने म्हटलं होतं, पण ते काही झालं नाही. त्यामुळे आता कुणाला हवी असेल तर वापरलेलीच शोधावी लागते. पाहायला गेलात तर रंगाची चकाकी नंतर बघा. आधी खाली वाका, पुढच्या बंपरच्या खालच्या काठावरून हात फिरवा, मग गाडी जॅकवर घेऊन पोटाखालचे ओरखडे नीट तपासा. आधीच्या मालकाने आपल्याकडचे स्पीडब्रेकर किती सबुरीने ओलांडले, हे तिथेच समजतं.