प्रारंभिक स्मृतिभ्रंश : रुग्ण व शुश्रूषक यांच्या गरजांचे मूल्यमापन (महापे परिसराच्या संदर्भात)

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला काय हवे आहे, हा प्रश्न बहुधा तिच्या मुलाला वा सुनेला विचारला जातो. रोग बळावल्यावर ते अपरिहार्य ठरते; प्रारंभिक अवस्थेत मात्र व्यक्ती स्वतः उत्तर देऊ शकते आणि हा कालावधी मर्यादित असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, इतके आहे.

गरजांच्या मूल्यमापनासाठी इंग्लंडमध्ये विकसित झालेली 'केन' ही पद्धती सर्वपरिचित आहे. आहार, दृष्टी व श्रवण, सोबत, दिवसभराचा उद्योग, पैशांचा व्यवहार अशी २४ क्षेत्रे तीत रुग्णासाठी असून माहिती व मानसिक ताण ही दोन शुश्रूषकासाठी आहेत. प्रत्येक क्षेत्रात गरज नाही, गरज भागलेली आहे, की भागलेली नाही, याची नोंद होते. रुग्ण व शुश्रूषक यांची मते येथे स्वतंत्रपणे घेतली जातात, हे या पद्धतीचे खरे मोल. शुश्रूषक सामान्यतः रुग्णापेक्षा अधिक गरजा सांगतात. ही तफावत चूक मानून पुसू नये. तीच अभ्यासाची सामग्री होय.

महापे हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुने गाव आज औद्योगिक वसाहतीने व मिलेनियम बिझनेस पार्कसारख्या संकुलांनी वेढलेले आहे. अल्झायमरच्या आरंभी अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात, जुन्या टिकतात. ज्या वृद्धाच्या मनात भातखाचरांची वाट शाबूत आहे, त्याला कारखान्यांच्या रांगेत वाट चुकणे स्वाभाविकच. त्यास केवळ प्लॉट क्रमांक वा इमारतीचे नाव विचारून स्थलज्ञान जोखणे अन्यायाचे ठरेल. निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत तयार झालेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मनोस्थिती चाचणीत प्रश्न स्थानिक जीवनाशी जुळवून घेतले गेले. येथेही तसे करावे लागेल.

शुश्रूषकाचा भार मोजण्यासाठी झॅरिट प्रश्नावली वापरली जाते. तीत २२ प्रश्न असून कमाल गुण ८८ आहेत. घरातील मुले पाळीवर गेली की हा भार बहुतांशी सुनेवर पडतो. सासूसमोर बसून 'मला याचा त्रास होतो' असे ती म्हणणार नाही (आणि मुलगा बहुधा तिच्या वतीने 'काही अडचण नाही' असे सांगून मोकळा होईल). तिची मुलाखत एकांतात व्हावी.

मूल्यमापनात भविष्याचाही विषय यावा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये, निर्णयक्षमता असेपर्यंत, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत याचा आगाऊ निर्देश लेखी करता येतो; आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधीही नेमता येतो. तो प्रतिनिधी कोण असावा, हे रुग्णाला कुटुंबीयांच्या अनुपस्थितीत एकदा विचारले पाहिजे.